फिटची गोळी आणि रक्तातील तिचे प्रमाण

शाळेच्या स्मरणिकेत बहुधा यशाच्या कथा छापल्या जातात, आणि तसे होणे योग्यच आहे. आम्ही मात्र या लेखाची सुरुवात आमच्या हातून घडलेल्या एका चुकीने करीत आहोत. ती सांगितल्यावाचून पुढील विषयाचे महत्त्व वाचकांच्या ध्यानात येणार नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहात इयत्ता आठवीत शिकणारा एक विद्यार्थी होता. त्याला लहानपणापासून फिट येत असे. वैद्यकशास्त्र ज्याला अपस्मार म्हणते आणि आपल्याकडे ज्याला फेफरे, मिरगी किंवा आकडी म्हटले जाते, तोच हा आजार. फेनिटॉइन या औषधाची शंभर मिलिग्रॅमची एक गोळी सकाळी आणि एक रात्री, असा त्याचा उपचार चालू होता. सलग दोन वर्षे त्याला एकही फिट आली नव्हती. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो परत आला आणि तीन-चार आठवड्यांत त्याच्यात बदल दिसू लागला. वर्गात तो पेंगू लागला. परिपाठाच्या रांगेत त्याचा तोल जाई. एरवी नीटनेटके असणारे अक्षर वेडेवाकडे झाले. बोलताना जीभ जड झाल्यासारखी वाटे. एका शिक्षकांनी त्याला आळशी ठरविले, दुसऱ्यांनी तंबाखूच्या संशयाने त्याची पेटी तपासली, आणि आम्ही स्वतः त्याला वर्गासमोर उभे करून बोललो. त्याच्या गोळ्या अधीक्षक न चुकता देत होते. गोळी नियमित चालू आहे, तेव्हा त्या बाजूने काळजीचे कारण नाही, असे आम्ही सर्वांनीच गृहीत धरले होते.

एके दिवशी तो जिन्यावरून पडला, तेव्हा त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांसमोर बोट धरून ते डावी-उजवीकडे नेले आणि मान न हलविता फक्त नजर बोटामागे नेण्यास सांगितले. नजर कडेला गेली की त्याची बुबुळे झटके घेत हलत होती. "याला अलीकडे दुसरे कोणते औषध सुरू झाले आहे का?" डॉक्टरांनी विचारले. आम्ही नाही म्हणालो. मुलगा मान खाली घालून म्हणाला, "सर, घरून एक गोळी दिली आहे. मी रोज घेतो."

त्याच्या घरातील एका व्यक्तीला क्षयरोग निघाला होता. मुलाला तो आजार होऊ नये म्हणून आयसोनियाझिड या औषधाची प्रतिबंधक गोळी सहा महिन्यांसाठी सुरू केली होती. ही गोळी देणाऱ्यांना मुलाच्या फिटची माहिती घरच्यांनी दिली नव्हती, आणि शाळेत मुलाला वेगळे बसवतील या भीतीने क्षयरोगाची गोष्ट आम्हांला सांगितली नव्हती. रक्ताची तपासणी झाली. फेनिटॉइनचे प्रमाण मिलिलीटरमागे 34 मायक्रोग्रॅम निघाले. सामान्यतः ते 10 ते 20 च्या दरम्यान असावे लागते. मुलगा आळशी नव्हता आणि व्यसनीही नव्हता. आम्ही वेळेवर देत असलेल्या औषधाचीच त्याला बाधा झाली होती.

पातळी म्हणजे काय?

पोटात घेतलेले औषध आतड्यांतून रक्तात जाते आणि रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचते. यकृत त्याचे रूपांतर करून त्याला निकामी करीत असते, आणि पुढे मूत्रावाटे ते शरीराबाहेर जाते. एका बाजूने औषध येत राहते, दुसऱ्या बाजूने जात राहते. या दोहोंचा मेळ बसल्यावर रक्तात जे प्रमाण टिकून राहते, त्यास औषधाची पातळी म्हणतात. ती मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. एका ग्रॅमचे दहा लक्ष भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक मायक्रोग्रॅम.

अपस्मारावरील औषधे मेंदूतील पेशींच्या अनावर विद्युत्‌क्रियेस आवर घालतात. पातळी कमी पडली तर हा आवर अपुरा राहतो आणि फिट येते. पातळी फार वाढली तर तोल, दृष्टी, वाणी आणि जागृतावस्था सांभाळणारी मेंदूची नित्याची कामेही मंदावतात. ताप उतरविणाऱ्या साध्या गोळीच्या बाबतीत पुरेसे प्रमाण आणि घातक प्रमाण यांत बरेच अंतर असते. फेनिटॉइनच्या बाबतीत हे अंतर फारच थोडे आहे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हांस या औषधांचा क्रमही उद्बोधक वाटतो. 1857 साली लंडनमध्ये चार्ल्स लोकॉक यांनी ब्रोमाइड या क्षाराचा फिटवर उपयोग होत असल्याचे सांगितले. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ तेच मुख्य औषध होते, परंतु ते शरीरात साचून रुग्ण भ्रमिष्टासारखे होत. 1912 मध्ये जर्मनीतील आल्फ्रेड हाउप्टमान यांनी फेनोबार्बिटोनचा गुण दाखविला. 1908 मध्येच तयार झालेले, परंतु दुर्लक्षित राहिलेले फेनिटॉइन 1938 मध्ये अमेरिकेतील मेरिट आणि पटनॅम यांनी उपयोगात आणले. त्यानंतर बराच काळ डॉक्टर फिट थांबेपर्यंत मात्रा वाढवीत आणि झोक जाऊ लागला की कमी करीत. रक्तातील प्रमाण मोजण्याच्या पद्धती हाती आल्यावर हा अंदाज आकड्यांत मांडता येऊ लागला. 1964 साली न्यूयॉर्कमधील हेन कुट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेनिटॉइनच्या पातळीशी लक्षणांची सांगड घातली. साधारण 20 च्या पुढे बुबुळे हलू लागतात, 30 च्या पुढे चालताना झोक जातो, आणि 40 च्या पुढे सुस्ती व गोंधळलेपण येते. हाच क्रम आजही डॉक्टर प्रमाण मानतात. आमच्या विद्यार्थ्याचा 34 हा आकडा आणि त्याचे जिन्यावरून पडणे यांचा मेळ येथे बसतो.

थोडी मात्रा वाढली, तरी पातळी फार का वाढते?

गावातील पिठाच्या गिरणीचे उदाहरण घेऊ. गिरणी तासाला ठरावीक धान्य दळू शकते. त्याहून कमी धान्य येत असेल, तोवर सर्व दळून होते. परंतु गिरणी पूर्ण क्षमतेने चालू असताना रोज एक पोते जास्त येऊ लागले, तर ते जास्तीचे पोते दररोज शिल्लक राहते आणि थोड्याच दिवसांत गिरणीच्या दारात थप्पी लागते. फेनिटॉइन निकामी करणारी यकृतातील विकरे अशाच रीतीने मर्यादित काम करू शकतात. म्हणून दोनशेच्या जागी तीनशे मिलिग्रॅम दिले, तर पातळी दीडपट होईल हा हिशेब येथे चालत नाही. ती दुप्पट, तिप्पटही होऊ शकते. यामुळेच जाणते डॉक्टर या औषधाची मात्रा फार थोड्या प्रमाणात वाढवितात. एक फिट आली म्हणून पालकांनी आपल्या मनाने एक गोळी वाढविणे किती धोक्याचे आहे, हेही यावरून कळेल.

धान्य तेवढेच ठेवून गिरणीच मंद केली, तरी परिणाम तोच होतो. आयसोनियाझिड हेच करते. ते फेनिटॉइन निकामी करणाऱ्या विकरांना अडविते. ज्यांच्या शरीरात आयसोनियाझिड स्वतःच सावकाश निकामी होते, त्यांच्यात हा परिणाम अधिक तीव्र असतो, आणि भारतीयांत अशा व्यक्ती पुष्कळ आहेत. उलट क्षयरोगाच्या उपचारातील रिफॅम्पिसिन हे औषध विकरांचे काम वाढविते, त्यामुळे फेनिटॉइनची पातळी उतरून फिट येऊ शकते. क्षयरोगाचे उपचार आणि फिटचे उपचार एकाच वेळी चालू असतील, तर दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांची औषधे ठाऊक असलीच पाहिजेत.

ब्रिस्बेन शहरातील घटना

गोळी देणारा चुकला नाही, घेणारा चुकला नाही, दुसरे औषधही नाही, तरी पातळी वाढू शकते. 1968-69 च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात फेनिटॉइन घेणारे अनेक रुग्ण एकाएकी झोक जाणे, सुस्ती अशा तक्रारी घेऊन येऊ लागले. कॅप्सूलमधील औषधाचे प्रमाण पूर्वीइतकेच होते. शोध घेतल्यावर असे आढळले की, कॅप्सूल भरण्यासाठी औषधासोबत जी निरुपद्रवी पूड घालतात, ती बदलली होती. पूर्वी कॅल्शियम सल्फेट वापरले जात असे, त्याऐवजी लॅक्टोज वापरले गेले. कॅल्शियम सल्फेटमुळे औषधाचा काही भाग रक्तात शोषला जात नसे. लॅक्टोज येताच तो शोषला जाऊ लागला आणि पातळी चढली. तेथील डॉक्टरांनी ही हकीकत 1970 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केली, आणि औषधनिर्मितीच्या अभ्यासात ती आजही शिकविली जाते.

यातून आपल्यासाठी निघणारा बोध साधा आहे. औषधाच्या दुकानात नेहमीची गोळी मिळाली नाही आणि दुकानदाराने त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची गोळी दिली, तर ती सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, आणि बदल केल्यास पुढील काही आठवडे मुलाकडे लक्ष ठेवावे.

लहान मुलांना दिल्या जाणाऱ्या पातळ औषधातही असाच धोका दडलेला असतो. फेनिटॉइनचे पातळ औषध म्हणजे द्रवात तरंगणारी बारीक पूड होय. बाटली न हलविता औषध ओतले, तर सुरुवातीचे दिवस मुलाला कमी औषध मिळते, आणि बाटलीच्या तळाशी आल्यावर फार जास्त मिळते. बाटली प्रत्येक वेळी चांगली हलवावी आणि स्वयंपाकघरातील चमच्याऐवजी मापाचे झाकण किंवा सिरिंज वापरावी.

अहवालातील आकडा कसा वाचावा?

प्रयोगशाळेच्या अहवालावर 10 ते 20 अशी मर्यादा छापलेली असते. ती बहुसंख्य रुग्णांच्या अनुभवावरून ठरलेली आहे. एखाद्या मुलाच्या फिट 8 पातळीवरही पूर्ण थांबलेल्या असतात, तर त्याची मात्रा केवळ आकड्यासाठी वाढविण्याचे कारण नाही. एखाद्याला 18 वरच झोक जात असेल, तर त्याच्यासाठी 18 हेच जास्त आहे. म्हणून डॉक्टर आकडा आणि मूल, दोन्ही पाहतात.

दुसरी बाब आपल्या समाजातील मुलांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. रक्तातील फेनिटॉइनपैकी सुमारे 90 टक्के भाग अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटलेला असतो. उरलेला मोकळा भागच मेंदूवर काम करतो. नेहमीच्या तपासणीत हे दोन्ही भाग एकत्र मोजले जातात. कुपोषणामुळे किंवा यकृत-मूत्रपिंडाच्या आजारामुळे अल्ब्युमिन कमी असेल, तर मोकळा भाग वाढतो. अशा वेळी अहवालात 14 सारखा निर्दोष आकडा असूनही मुलाला विषबाधेची लक्षणे असू शकतात. मूल अशक्त असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांच्या नजरेस आणून द्यावी.

तपासणीची वेळही महत्त्वाची असते. मात्रा बदलल्यावर पातळी स्थिर होण्यास फेनिटॉइनला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. नित्याच्या तपासणीसाठी रक्त बहुधा सकाळची गोळी घेण्यापूर्वी देतात. विषबाधेची शंका असेल, तर मात्र थांबू नये. शेवटची गोळी किती वाजता घेतली, एवढे लिहून लगेच तपासणी करून घ्यावी.

इतर औषधांविषयी थोडक्यात

फेनोबार्बिटोन : नेहमीची मर्यादा 15 ते 40. हे शरीरातून फार सावकाश जाते, त्यामुळे मात्रा बदलल्याचा पूर्ण परिणाम दिसण्यास दोन-तीन आठवडे लागतात. जास्त झाल्यास गुंगी येते, अतिशय जास्त झाल्यास श्वास मंदावतो. काही मुले यामुळे उलट चंचल आणि चिडचिडी होतात. शिक्षकांनी याला खोडकरपणा समजू नये.

कार्बामाझेपिन : 4 ते 12. जास्त झाल्यास एकाच्या दोन वस्तू दिसतात, चक्कर येते, मळमळते. फळ्यावरील अक्षरे दुहेरी दिसतात, असे मूल म्हणाले तर ऐकून घ्यावे. घशाच्या किंवा छातीच्या संसर्गासाठी दिली जाणारी एरिथ्रोमायसिन व क्लॅरिथ्रोमायसिन ही औषधे याची पातळी वाढवितात.

सोडियम व्हॅल्प्रोएट : 50 ते 100. हात कापणे, वजन वाढणे, केस गळणे हे परिणाम दिसू शकतात. वारंवार उलट्या, पोटदुखी, कावीळ किंवा वाढती सुस्ती दिसल्यास यकृताची बाधा असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गर्भावस्थेत या औषधामुळे बाळाच्या मेंदूत व मज्जारज्जूत दोष निर्माण होण्याचा धोका असतो. मुलगी वयात आल्यावर पर्यायी औषधाविषयी डॉक्टरांशी बोलावे, पण स्वतःहून गोळी बंद करू नये.

लेव्हेटिरासिटॅम : या नव्या औषधाची पातळी सहसा मोजावी लागत नाही. मात्र काही मुलांमध्ये राग व उदासी वाढते.

एक इशारा पातळीशी संबंधित नाही, तरी येथेच देतो. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन किंवा फेनोबार्बिटोन सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड, डोळे लाल होणे असे काही दिसले, तर ती औषधाची गंभीर ॲलर्जी असू शकते. ती योग्य मात्रेतही होते. तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

पातळी कमी पडते तेव्हा

जास्त औषधाची भीती वाटून कोणी गोळी बंद करील, तर या लेखाने उपकाराऐवजी अपकार केला असे होईल. गोळी एकाएकी थांबविल्यास पातळी उतरते आणि फिटमागून फिट येऊ शकते. एकच फिट पाच मिनिटांपेक्षा अधिक काळ चालली, किंवा शुद्धीवर येण्यापूर्वी दुसरी आली, तर जिवास धोका असतो आणि ताबडतोब 108 ची रुग्णवाहिका बोलवावी लागते. तोवर मुलाला कुशीवर वळवावे, आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्यात, घड्याळ पाहावे. तोंडात चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. चप्पल किंवा कांदा हुंगविल्याने फिट थांबत नाही. बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात, म्हणून चप्पलेचा गुण आल्याचा भास होतो, इतकेच.

आमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीतही डॉक्टरांनी औषध कायमचे बंद केले नाही. आपल्या देखरेखीखाली काही मात्रा थांबविल्या, नंतर कमी मात्रेवर ते पुन्हा सुरू केले आणि पातळी पुन्हा तपासली. आयसोनियाझिड संपल्यावर मात्रा पुन्हा बदलावी लागेल, हेही त्यांनी आधीच लिहून दिले. दोन आठवड्यांत मुलाचे अक्षर पूर्ववत झाले.

लपविण्याची किंमत

पालक हा आजार का लपवितात, हे आम्हांला कळते. 1976 मध्ये हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती होऊन अपस्माराचे वारंवार झटके हे विवाहाला बाधा आणणारे कारण म्हणून स्पष्ट नोंदले गेले. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. 1999 च्या दुरुस्तीने तो शब्द वगळण्यात आला. कायद्याने जे सोडले, ते मनांतून अजून गेलेले नाही. मुलीचे लग्न जमणार नाही, मुलाला वसतिगृहात घेणार नाहीत, देवीचा कोप म्हणतील, या भीतीने चिठ्ठी फाडली जाते आणि गोळ्या कागदात गुंडाळून दिल्या जातात. वेष्टन नसलेल्या त्या गोळीचे नाव, मात्रा आणि मुदत मग कोणालाच कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे, आणि योग्य उपचार मिळाल्यास त्यांपैकी 70 टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात. लाज वाटावी असे यात काहीच नाही.

आता आम्ही काय करतो

त्या प्रसंगानंतर आमच्या वसतिगृहात एक साधी वही ठेवली आहे. त्यात औषधाचे नाव, कंपनी, मात्रा, दिलेली वेळ आणि देणाऱ्याची सही असते. गोळ्या मूळ पाकिटातच स्वीकारतो आणि कुलूपबंद कपाटात ठेवतो. सुट्टीला जाताना चिठ्ठीची प्रत मुलासोबत जाते, आणि परतल्यावर पहिला प्रश्न हाच असतो की, दरम्यान दुसरे कोणते औषध सुरू झाले का. तापाचे, क्षयाचे, वैदूचे, कोणतेही. गोळी चुकली तर दुसऱ्या वेळी दोन देत नाही, डॉक्टरांना विचारतो. पेंगणे, झोक, जड जीभ, दुहेरी दिसणे, बिघडलेले अक्षर यांपैकी काही दिसले, तर शिस्तीचा विषय करण्याआधी तो औषधाचा विषय समजतो.

पालकांना आमची विनंती आहे की, मुलाचा आजार प्रवेशाच्या दिवशीच सांगावा. ती माहिती अधीक्षक आणि वर्गशिक्षक यांच्यापलीकडे जाणार नाही. जे माजी विद्यार्थी आज परिचारक, औषधनिर्माते किंवा डॉक्टर झाले आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस येऊन ही वही तपासून द्यावी.

ज्या विद्यार्थ्याची हकीकत आम्ही सांगितली, तो पुढे दहावी उत्तीर्ण होऊन येथून गेला. वर्गासमोर बोललो होतो, म्हणून क्षमाही वर्गासमोरच मागितली होती. हा लेख लिहिण्यापूर्वी त्याची अनुमती घेतली. त्याने ती आनंदाने दिली, आणि वहीत सुट्टीतील औषधांसाठी वेगळा रकाना ठेवा, अशी सूचना केली. तो रकाना आता ठेवला आहे.